विश्लेषण : बटण दाबले की गर्जना, सोडले की शांतता! गाडीच्या आवाजामागे लागलेला हिराम पर्सी मॅक्झिम कोण होता?

रविवारी सकाळी जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर कान्हे फाट्याला अर्धा तास उभे राहिले, तर मान न वळवताही कोणती गाडी आली ते सांगता येते. द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे. त्यामुळे पुणे, पिंपरी-चिंचवडहून लोणावळ्याकडे निघालेल्या दुचाकी वडगाव, कान्हे, कामशेत याच रस्त्याने जातात. त्यात बुलेटचे ‘इंदोरी’ आणि ‘पंजाब’ सायलेन्सर असतात, ‘डीबी किलर’ काढून टाकलेल्या स्पोर्ट्स बाइक असतात आणि अलीकडे चारचाकीही असतात. या चारचाकींची गंमत वेगळी आहे. फाट्यावर पोलीस दिसले की त्या एकदम सभ्य होतात. गर्दी मागे पडली, रस्ता मोकळा झाला की त्याच गाडीतून अचानक घुमारा फुटतो. मध्ये गाडी थांबत नाही, कोणी खाली उतरत नाही, काही बदलले जात नाही. चालकाने फक्त एक बटण दाबलेले असते.

या बटणाला गॅरेजच्या भाषेत ‘व्हॉल्व्ह एक्झॉस्ट’ म्हणतात. हौशी मंडळींना ते नव्या जमान्यातले तंत्रज्ञान वाटते. प्रत्यक्षात ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे आणि तिच्याविरुद्धची तक्रारही तेवढीच जुनी. ज्या काळात ती जन्मली, त्याच काळात एक माणूस इंजिन, बंदुका, कारखाने असे जे काही दणदणाट करील ते शांत करण्याच्या मागे लागला होता. त्याचे नाव हिराम पर्सी मॅक्झिम.

बटणामागे नेमके काय असते?

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये इंधन जळते, दाब तयार होतो, पिस्टन खाली ढकलला जातो. काम झाल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो. तेव्हाही आतल्या वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या काही पट असतो. तो वायू झटक्यात बाहेर पडतो आणि हवेला धक्का देतो. हा धक्का म्हणजेच आवाज. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर असे १०० धक्के दर सेकंदाला बसतात. कानाला ते सलग गुरगुरण्यासारखे वाटतात. बुलेटसारख्या एका सिलिंडरच्या गाडीत, संथ चालीवर, सेकंदाला जेमतेम आठ धक्के असतात. म्हणून ती ‘धकधक’ वेगवेगळी मोजता येते आणि म्हणूनच तिचे एवढे वेड आहे.

सायलेन्सरचे काम हे धक्के बोथट करण्याचे. व्हॉल्व्ह एक्झॉस्टमध्ये मागच्या सायलेन्सरच्या अलीकडे पाइपला दुसरी वाट फोडतात आणि तिच्यात एक गोल झडप बसवतात. झडप बंद असेल तर वायू नेहमीप्रमाणे सायलेन्सरमधून फिरून जातो. झडप उघडली की तो सोपी वाट धरतो, सायलेन्सरला वळसा घालून सरळ बाहेर. झडप हलवायला छोटी मोटर असते किंवा इंजिनाच्या हवा ओढण्याच्या नळीतून घेतलेला व्हॅक्यूम. बटण डॅशबोर्डवर किंवा चावीच्या जुडग्यात. जग्वार एफ-टाइपसारख्या काही महागड्या गाड्यांमध्ये कंपनीनेच ही सोय दिलेली असते, पण ती गाडी चाचण्यांतून पास झालेली असते. गॅरेजमध्ये पाइप कापून जोडलेली झडप कोणत्याच चाचणीतून गेलेली नसते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मोटारींत हीच सोय पायाजवळ असे. तिला ‘कट-आउट’ म्हणत. चालकाने पायाने दाबले की सायलेन्सरच्या आधीच एक झडप उघडे आणि वायू तिथूनच बाहेर पडे. तेव्हा तिला कारण होते. त्या काळचे सायलेन्सर म्हणजे जवळजवळ पत्र्याचे डबेच. वायू त्यांच्यात तुंबायचा, इंजिनाला मागून दाब बसायचा आणि आधीच अशक्त असलेले इंजिन चढावर धापा टाकायचे. घाट लागला की कट-आउट उघडायचे, माथा आला की बंद करायचे. शिवाय एखादे सिलिंडर पेट घेत नसेल तर उघड्या आवाजात ते लगेच कळायचे. मेकॅनिकला आजही हा कान लागतो.

पण सोय हाताशी, खरे तर पायाशी, असली की ती फक्त घाटात कशी राहील? लोक बाजारपेठेत कट-आउट उघडू लागले. फोर्डच्या ‘मॉडेल टी’साठी तर बाहेरच्या दुकानांतून सुटे कट-आउट विकले जात. घोडे बुजत, टांगे उधळत, झोपलेली गावे जागी होत. अमेरिकेतल्या अनेक शहरांनी वस्तीत कट-आउट उघडण्यावर बंदी घातली. मॅक्झिमचे आयुष्य नेमके याच काळात गेले.

दणदणाटाचे घराणे

हिराम पर्सीचा जन्म २ सप्टेंबर १८६९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमध्ये झाला. वडिलांचे नावही हिरामच, हिराम स्टीव्हन्स मॅक्झिम. घरात मुलाला पर्सी म्हणत, म्हणून इथेही तेच नाव वापरू.

मॅक्झिम हे नाव इतिहासाच्या पुस्तकात सापडते ते वडिलांमुळे. १८८४ मध्ये त्यांनी बनवलेली ‘मॅक्झिम गन’ ही जगातली पहिली खरी स्वयंचलित मशीनगन. गोळी सुटल्यावर बंदुकीला बसणारा मागचा धक्का वाया न घालवता त्याच धक्क्याने पुढची गोळी भरायची, अशी तिची युक्ती. मिनिटाला साधारण ६०० गोळ्या. युरोपीय साम्राज्यांनी आफ्रिका आणि आशियात ती कशी वापरली हा वेगळा आणि काळा विषय आहे. पर्सीचे काका हडसन मॅक्झिम धूरविरहित दारू आणि स्फोटके बनवत. १८९४ मध्ये एका स्फोटात त्यांचा डावा हात गेला. थोडक्यात, या घरात आवाज हा व्यवसायच होता.

त्याची किंमत वडिलांनी कानांनी मोजली. वर्षानुवर्षे बंदुकांशेजारी उभे राहून चाचण्या घेतल्याने उतारवयात त्यांना जवळजवळ ऐकू येईनासे झाले. त्याच माणसाच्या मुलाने पुढे आवाज मारण्याचा धंदा काढला, ही गोष्ट कोणी पटकथेत लिहिली असती तर ओढूनताणून आणलेली वाटली असती.

बापलेकांचे नाते मात्र पुरते जुळले नाही. वडील आधी विजेच्या दिव्यांच्या धंद्यात होते. १८८१ मध्ये ते पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनासाठी युरोपात गेले आणि तिकडचेच झाले. पुढे त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतले, त्यांना ‘सर’ किताबही मिळाला. पर्सी तेव्हा बारा वर्षांचा होता. आई जेन आणि बहिणींसोबत तो अमेरिकेतच राहिला. लहानपणी पाहिलेल्या या अफाट, विक्षिप्त, मुलांची सतत फिरकी घेणाऱ्या बापावर त्याने पुढे एक पुस्तक लिहिले. त्याविषयी शेवटी.

सायकलवर सुचलेली मोटार

पर्सी १८८६ मध्ये, सतरावे वर्ष पूर्ण व्हायच्या आधीच, एमआयटीतून बाहेर पडला. काही वर्षे विजेच्या कंपन्यांत काढल्यावर तो मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावात तोफगोळे बनवणाऱ्या कारखान्याचा व्यवस्थापक झाला. १८९२ मधली गोष्ट. एका रात्री तो सेलम गावाहून लिनकडे सायकलने परतत होता. रस्ता निर्जन, पाय थकलेले. पायाऐवजी एखादे छोटे इंजिन ही चाके फिरवील का, असा विचार त्याच्या डोक्यात आला. जर्मनीत कार्ल बेंझने त्याआधीच मोटार रस्त्यावर आणली होती. पर्सीला याचा पत्ताही नव्हता. इंटरनेट नसलेल्या जगात एकच शोध दोन ठिकाणी लागणे हे नवल नव्हते.

पेट्रोलमध्ये किती जोर असतो हे पाहायला त्याने केलेला पहिला प्रयोग आजच्या कुठल्याही प्रयोगशाळेने करू दिला नसता. कारखान्यात पितळी काडतुसांची रिकामी कवचे पडलेली असत. त्यातल्या एकात त्याने पेट्रोलचे थेंब टाकले, लाकडी बूच बसवले आणि पेटवून दिले. जोर किती, याचे उत्तर त्याला तत्काळ मिळाले. मग स्वतःच्या हिमतीवर त्याने तीन सिलिंडरचे छोटे इंजिन बनवले आणि एका जुन्या तीनचाकी सायकलवर बसवले. ती सायकल ‘कोलंबिया’ बनावटीची होती. कोलंबिया बनवणारी पोप कंपनी तेव्हा अमेरिकेतली सायकलींची बडी कंपनी होती. १८९५ मध्ये तिनेच पर्सीला हार्टफर्डला बोलावून घेतले आणि मोटारगाड्यांच्या विभागाचा अभियंता केले.

इथे कथेला आजच्या वाचकाला ओळखीचे वाटेल असे वळण मिळते. कंपनीचे मालक कर्नल अल्बर्ट पोप यांचा पेट्रोल इंजिनावर विश्वास नव्हता. जिच्याखाली सतत स्फोट होत आहेत अशा गाडीवर माणूस पैसे देऊन बसणार नाही, असे त्यांचे मत होते. त्यांना हवी होती विजेची गाडी. तिला धूर नाही, वास नाही, आवाज नाही. पर्सीचा जीव पेट्रोल इंजिनात अडकला होता, पण नोकरी ती नोकरी. १८९७ मध्ये पोप कंपनीने कोलंबिया विद्युत मोटार लोकांसमोर आणली, तिच्यामागे पर्सीचेच हात होते. आज ईव्ही म्हणजे भविष्य म्हणणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवायला हरकत नाही.

पर्सीने पेट्रोल सोडले नाही. १८९९ मध्ये कनेक्टिकटमधल्या ब्रॅनफर्डच्या बंदिस्त मार्गावर वाफेच्या गाडीला हरवून त्याने कोलंबियाच्या पेट्रोल गाडीतून शर्यत जिंकली. वर्षभर आधीच, १८९८ मध्ये, मेरीलँडच्या माजी गव्हर्नरांची मुलगी जोसेफिन हॅमिल्टन हिच्याशी त्याचे लग्न झाले होते.

या सगळ्या वर्षांत त्याच्या पाठीमागे एकच तक्रार लागलेली होती, ती म्हणजे आवाज. पेट्रोल गाडी गावात शिरली की घोडे बिथरायचे. घोडागाडीवाला खाली उतरून लगाम धरून उभा राहायचा आणि मोटारवाल्याला जे काही ऐकवायचे ते ऐकवायचा. विजेची गाडी या बाबतीत निर्धोक होती, पण तिची बॅटरी लांब पल्ल्याला पुरत नव्हती. पेट्रोल गाडी लांब जायची, पण गाव डोक्यावर घ्यायची. तेव्हा पेट्रोल गाडीला माणसांत राहायचे असेल तर तिने आधी खालच्या आवाजात बोलायला शिकणे भाग होते.

न्हाणीघरातला भोवरा

एक गैरसमज आधी दूर करू. मोटारीचा सायलेन्सर मॅक्झिमने शोधला, असे इंटरनेटवर बिनधास्त लिहिलेले असते. ते तितकेसे खरे नाही. अमेरिकेत मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज यांना इंजिनाच्या सायलेन्सरचे पेटंट १८९७ मध्येच मिळाले होते. मॅक्झिमने आवाज मारण्याची एक वेगळी पद्धत शोधली, ती आधी बंदुकीला लावली आणि मग तीच विद्या इंजिनांकडे वळवली.

ती कशी सुचली याची त्याने सांगितलेली हकीकत अशी. अंघोळ झाल्यावर टबातले पाणी सोडले, तर ते भोकातून सरळ पडत नाही, गरगरत भोवरा करत जाते. भोवऱ्यामुळे पाणी सावकाश उतरते. वायूलाही असेच गरगरायला लावले तर? बंदुकीच्या नळीतून गोळीमागोमाग प्रचंड दाबाचा वायू एका झटक्यात बाहेर येतो, तोच ‘ठो’ आवाज. या वायूला नळीच्या टोकाला जोडलेल्या डब्यात वळणदार पडद्यांमधून फिरवले, तर तो थकून, थोडा थोडा बाहेर पडेल. गोळी मात्र मधल्या सरळ भोकातून निघून जाईल. मार्च १९०९ मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि ‘मॅक्झिम सायलेंट फायरआर्म्स’ कंपनीने माल बाजारात आणला.

सिनेमातल्या पिस्तुलासारखा तो ‘फुस्स’ आवाज मात्र विसरा. आवाजाच्या वेगापेक्षा जलद जाणारी गोळी हवेत स्वतःचा कडकडाट करते, त्याला सायलेन्सर काही करू शकत नाही. तो फक्त नळीच्या तोंडाचा आवाज कमी करतो.

गाडीच्या सायलेन्सरचे कोडे याहून किचकट. बंदुकीला एकदाच ‘ठो’ करायचे असते. इंजिनात ते सेकंदाला शंभर वेळा चालते आणि वायू अडवला तर इंजिनच गुदमरते. म्हणजे वायूला वाट द्यायची, पण आवाजाला नाही. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला हा विषय शिकताना फळ्यावरची समीकरणे बघून झोप येते, पण कल्पना सोपी आहे. पहिली युक्ती, पाइप अचानक मोठ्या डब्यात उघडायचा. धक्का पसरतो, दाब उतरतो, काही लाट मागे फिरते. दुसरी, शेजारी एक बंद पोकळी जोडायची. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकले की तिचा एक ठरावीक सूर निघतो, तशी ही पोकळी एका ठरावीक सुराला धरते आणि त्याला गिळते. यालाच रेझोनेटर म्हणतात. तिसरी, भोकाभोकांच्या नळीभोवती काचेची लोकर भरायची. बारीक, कर्कश आवाज तिच्यात शिरून उष्णता होऊन संपतात. आजच्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये या तिन्हींची मिसळ असते. मात्र कोणत्या सुराला किती दाबायचे हे त्या विशिष्ट इंजिनासाठी ठरवलेले असते. म्हणूनच एका गाडीचा सायलेन्सर दुसरीला लावला की आवाज बेसूर होतो.

आज हे गणित इतके पुढे गेले आहे की कट-आउटचे मूळ कारणच उरलेले नाही. साध्या कारमध्ये मागचा सायलेन्सर काढून वाढणारी ताकद चालकाला क्वचितच जाणवते. वाढतो तो आवाज, आणि आवाज वाढला की गाडी जास्त पळते असे कानाला वाटते. गॅरेजवालाही खासगीत हे मान्य करतो. तोटे मात्र खरे असतात. झडपेवर काजळी बसून ती अर्धवट उघडी अडकते, उष्णतेने मोटर जळते, जोडातून हवा शिरली की ऑक्सिजन सेन्सर चुकीचा आकडा देतो आणि बीएस-६ गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. झडप कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी बसवली असेल, तर बटण दाबताक्षणी न गाळलेला विषारी वायू थेट रस्त्यावर येतो. कंपनीची वॉरंटी जाते ती वेगळीच.

सायलेन्सरची बदनामी

आपला सायलेन्सर नेमबाजांच्या कानांसाठी आणि मैदानाशेजारी राहणाऱ्यांच्या सुखासाठी आहे, अशी मॅक्झिमची धारणा होती. कंपनीच्या जाहिरातीही त्याच सुरातल्या. लोकांना मात्र त्यात मारेकरी दिसला. कादंबऱ्या आणि सिनेमांनी ते चित्र पक्के केले. १९३४ मध्ये अमेरिकेने राष्ट्रीय शस्त्र कायदा केला, त्यात मशीनगनच्या पंगतीला सायलेन्सर बसवला आणि त्यावर २०० डॉलरचा कर लावला. त्या काळात ही रक्कम म्हणजे सायलेन्सरच्या किमतीच्या कितीतरी पट. वडिलांच्या आणि मुलाच्या शोधांची एकाच कायद्यात अशी गाठ पडली.

पण तोवर कंपनीने बंदुकीतून अंग काढून घेतले होते. आता ती ‘मॅक्झिम सायलेन्सर’ कंपनी होती. डिझेल इंजिने, हवेचे कॉम्प्रेसर, जहाजे अशा अवाढव्य यंत्रांचे आवाज मारणे हा तिचा धंदा झाला. खिडकीत बसवायचे एक यंत्रही तिने काढले होते. त्यातून ताजी हवा घरात यायची, पण रस्त्यावरचा गोंगाट बाहेरच राहायचा. शहरातल्या आवाजाला तिथले लोक तेव्हाच इतके कंटाळले होते. महामार्गाला लागून घर असलेल्या कान्ह्यातल्या कोणालाही अशी खिडकी आज विकत घ्यावीशी वाटेल.

मावळात कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम सांगतो की प्रत्येक वाहनाला एक्झॉस्टचा आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवा. नव्या गाडीसाठी आवाजाची मर्यादा ठरलेली आहे. प्रवासी कारला ७४ डेसिबल, ८० ते १७५ सीसीच्या दुचाकीला ७७ आणि त्यावरच्या दुचाकीला ८०. हे आकडे फसवे असतात. डेसिबलचे माप गुणाकाराने चढते. १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. त्यामुळे ७४ ची गाडी ९४ वर गेली तर आवाज ‘थोडा वाढला’ असे म्हणता येत नाही. ऊर्जा शंभरपट झालेली असते.

या चाचण्या घेणारी ‘एआरएआय’ ही संस्था पुण्यातलीच आणि तिचे एक केंद्र मावळात टाकवे इथे आहे. टाकव्याचा रस्ता कान्हे फाट्यावरूनच फुटतो. म्हणजे ज्या फाट्यावरून गाड्यांच्या चाचणीकडे जायचे, त्याच फाट्यावर चाचणी न झालेले सायलेन्सर ऐकू येतात.

बटणवाले एक युक्तिवाद हमखास करतात. झडप बंद असताना आवाज मर्यादेत असतो, मग गुन्हा कुठे? उत्तर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात आहे. गाडीच्या मूळ रचनेत कंपनीच्या तपशिलाबाहेरचा बदल चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो. आवाजाची मर्यादा मोडून गाडी चालवली तर कलम १९० खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय परवाना तीन महिने रद्द. झडप उघडी होती की बंद, हा प्रश्न पहिल्या कलमात येतच नाही.

पुण्यासह राज्यातल्या अनेक शहरांत पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यावर रोडरोलर फिरवतात. व्हिडीओ झकास होतो. पण दुचाकीचा ‘फटाका’ सायलेन्सर नुसता बघून ओळखता येतो, कारच्या पोटाखाली लपलेली झडप नाही. तिच्यासाठी गाडी उचलावी लागते किंवा आवाज मोजण्याचे यंत्र योग्य क्षणी योग्य ठिकाणी असावे लागते. लोणावळ्याच्या रस्त्यावर पावसाळी शनिवार-रविवारची गर्दी पाहिली तर हे किती अवघड आहे ते कळते.

आणि इथेच त्या बटणाबद्दल एक गोष्ट नमूद केली पाहिजे. कायम मोठ्या आवाजाची बुलेट चालवणारा निदान सगळीकडे सारखाच वागतो. बटणवाला तसा नाही. रात्री स्वतःच्या सोसायटीच्या गेटमधून आत येताना तो झडप बंद करतो, कारण आवाजाचा त्रास होतो हे त्याला पक्के ठाऊक असते. दुसऱ्याच्या गावातून जाताना तो ती उघडतो. कान्ह्यात सरकारी रुग्णालय आहे. ध्वनी प्रदूषण नियमांनुसार रुग्णालय, शाळा यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असते. निवासी भागात रात्री दहानंतरची मर्यादा ४५ डेसिबल. उघड्या झडपेची एक गाडी ही मर्यादा मोडायला पुरेशी आहे.

सेकंड हँड गाडी घेणाऱ्यांनीही सावध राहावे. आधीच्या मालकाने बसवलेल्या झडपेचा दंड आरसी बुकवर ज्याचे नाव त्याला भरावा लागू शकतो. गाडी लिफ्टवर चढवून मागच्या सायलेन्सरच्या अलीकडे वेल्डिंगचा ताजा जोड, वायर जोडलेली डबी किंवा एखादी जास्तीची नळी दिसते का, हे पाहायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

कानाशी जोडलेले दुसरे वेड

आवाज मारणाऱ्या या माणसाला दूरचे आवाज ऐकण्याचा मात्र जबर नाद होता. हार्टफर्डच्या घरी त्याने हौशी रेडिओ केंद्र उभारले होते. १९१४ मध्ये त्याला सुमारे ४० किलोमीटरवरच्या स्प्रिंगफील्डला संदेश पाठवायचा होता. त्याचे यंत्र तिथवर पोचेना. मग वाटेतल्या विंडसर लॉक्स गावातल्या एका हौशी रेडिओवाल्याने तो संदेश झेलून पुढे पाठवला. एकाने झेलायचे, पुढच्याला द्यायचे, अशी देशभर साखळी का बांधू नये, हा विचार त्यातून आला. त्याच वर्षी त्याने क्लेरेन्स टस्का या तरुणासोबत ‘अमेरिकन रेडिओ रिले लीग’ स्थापन केली. हौशी रेडिओवाल्यांची ती आजही मोठी संघटना आहे. १९२६ मध्ये त्याने हौशी चित्रपटवाल्यांचीही संघटना काढली. रात्री दुर्बिणीतून आकाश पाहायचे, विश्वात जीवसृष्टीचे स्थान काय यावर पुस्तक लिहायचे, हेही चालूच असे.

फेब्रुवारी १९३६ मध्ये तो पत्नीसह आगगाडीने पश्चिमेकडे निघाला होता. वाटेत आजारी पडला. कोलोरॅडोमधल्या ला हुंटा गावी त्याला उतरवून घेतले. १७ फेब्रुवारीला तिथेच त्याचे निधन झाले, वयाच्या ६६ व्या वर्षी.

वडिलांवरचे त्याचे पुस्तक, ‘अ जीनियस इन द फॅमिली’, त्याच वर्षी आले. १९४६ मध्ये त्यावर हॉलिवूडने ‘सो गोज माय लव्ह’ हा चित्रपटही काढला. घोड्याविना धावणाऱ्या गाड्यांच्या दिवसांवरच्या आठवणी त्याच्या मृत्यूनंतर, १९३७ मध्ये, पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. मोटारीचे पहिले दशक कसे होते हे जाणून घ्यायचे असेल तर इतके मजेदार पुस्तक क्वचितच मिळेल. त्याच्या रेडिओ केंद्राचे सांकेतिक नाव ‘डब्ल्यू-वन-ए-डब्ल्यू’ होते. ते नाव लीगने मुख्यालयातल्या आपल्या केंद्राला दिले. हार्टफर्डजवळच्या न्यूइंग्टनमधून ते केंद्र आजही प्रसारण करते.